बाबांची लंका

आमच्या बाबांच्या मते जगात दोनच तऱ्हेची गावं होती, काळ्या मातीची आणि उरलेली. मेहकर तालुक्यातलं आमचं खेडं पहिल्या तऱ्हेत, आणि बाकी सगळं जग, त्यात मुंबईसुद्धा, दुसरीत. कुठंही गेले की आधी वाकायचे, चिमूटभर माती उचलायचे, बोटांत चोळायचे, हुंगायचे, आणि तेवढ्यानं मन भरलं नाही तर जिभेवरही ठेवायचे. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर हे गृहस्थ होणाऱ्या सासऱ्यांच्या परसात उकिडवे बसलेले! "पोरगी पसंत हाय," आत येऊन म्हणाले, "जमिनीचं पाहू मंग."

मी शेतकी खात्यात होतो. महाराष्ट्र राज्य होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा जमिनीची धूप या विषयावर कोलंबोला परिषद भरली आणि निबंध वाचायला मला बोलावणं आलं. बाबांना रामेश्वर करायचंच होतं. "तेथलोक जाऊनच राह्यलो, तं लंका काऊन सोडू बे?" झालं! आता यांना कोण समजावणार? लंकेच्या बोटीवर जकातीच्या अंमलदारानं त्यांचं गाठोडं सोडायला लावलं. पण माणसासमोर शिदोरी उघडायची आणि त्याला न देता बांधायची, हे आमच्याकडे बसत नाही. बाबांनी त्यालाच खाली बसवून दशमी आणि ठेचा खायला घातला. साहेब डोळे पुसत पुढं गेला. गाठोडं तपासायचं राहूनच गेलं.

परिषदेआधीचे दोन दिवस आम्ही कोलंबो पाहत हिंडलो. सोन्याची लंका बघायला निघालेल्या माणसाला कौलारू घरं दिसली. "हे तं कवेलूची निंघाली!" म्हणत बाबा क्षणभर खट्टू झाले, मग स्वतःच म्हणाले, "जाऊ दे, मारोतीनं जाळली होती ना." दिसेल त्याला ते आपल्या वऱ्हाडीत पाऊसपाणी विचारत. एका रिक्षावाल्यानं त्याच्या भाषेत हातवारे करून लांबलचक उत्तर दिलं. बाबा गंभीरपणे मान हलवत होते. काय म्हणाला, मी विचारलं. "अवंदा पान्यानं ओढ देल्ली म्हनते बिचारा." संग्रहालयात मूर्तींकडे ढुंकून पाहिलं नाही, बाहेर बागेतल्या वाफ्याशी मात्र अर्धा तास. "तांबडी हाय. पानी धरत नाही. मानसं भली हायेत मातर."

परिषदेच्या सकाळी बाबा धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून माझ्याआधी तयार. "मले बी आयकू दे तुह्यं भाषन." तिथं सगळे टायवाले, आणि मी स्वतः नव्या बुटांत अवघडलेला. म्हणालो, "बाहेरच्या मानसाले आत सोडत नाहीत, बाबा." खोटं बोललो. आत पहिल्या रांगेत साहेबांच्या बायका बसल्या होत्या! आणि माझा निबंध कशावर? उतारावर आडवे दगड रचून, कडेनं गवत लावून माती कशी अडवावी यावर. ते बांध आमच्याच शेतातले, बाबांनी वीस उन्हाळे आपल्या हातांनी घातलेले. निबंध आपल्या बांधांवर आहे एवढं बाबांना ठाऊक होतं, पण त्यात त्यांचा उल्लेख 'एक शेतकरी' एवढाच होता. टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्या. बाहेर आलो तर बाबा व्हरांड्याच्या पायरीवर बसलेले. "टाळ्या आयकू आल्या बा," म्हणाले. चेहऱ्यावर रागाचं नाव नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण खरं सांगायला तोंड उघडेना.

गावी परतलो त्या संध्याकाळी ओसरीवर सगळा शेजार जमला. कुणीतरी विचारलंच, "काय जी, पोराचं भाषन आयकलं का?" मी मान खाली घातली.

"आयकलं म्हंजे?" बाबा म्हणाले. "म्होरं खुर्चीवर बसवलं मले पोरानं! साऱ्या साहेबांयले सांगतलं, हे बांध माह्या बापाचे हायेत."

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते एकच खोटं. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गावी गेलो की अजून एखादा म्हातारा माझ्या पाठीवर हात ठेवतो. "बापाले लय मान देल्ला बेटा तुनं," म्हणतो. आणि मी "हाव" म्हणतो.