पातळ पत्रिका

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिकांचं काम माझ्याकडे आलं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे छापायचं, वाचायचं, अर्ज भरायचं असं काहीही निघालं की सगळे माझ्याकडे बघत. बाबांनी शेतीच्या भरवशावर मला बुलढाण्यात खोली करून शिकवलं होतं. या लग्नात जमेल तिथे त्यांचा पैसा वाचवायचा, असं मी मनाशी ठरवलं होतं.

आधी मी म्हटलं, मोबाइलवरच पाठवून देऊ.

"मोबाइलवर तं लोक रोज सकाळी फुलंबी पाठवतात," बाबा म्हणाले. "त्याले काय आवतन म्हनतात?"

मग बुलढाण्यातल्या एका छपाईच्या दुकानात गेलो. अल्बममधल्या किमती ऐकून मी अल्बम मिटला. तेव्हा दुकानदाराने मागून कोऱ्या पत्रिकांचे तीन गठ्ठे काढले. गेल्या सीझनचा उरलेला माल. एक सोनेरी, जाड, उठावाच्या गणपतीची, एक लाल, आणि एक साधी, पिवळसर, पातळ. एकटा कोणताच गठ्ठा पुरणारा नव्हता, तिन्ही मिळून पुरत होते. भाव निम्म्याहून कमी. मजकूर तिन्हींवर एकच छापायचा होता. मला ही युक्ती फार आवडली. पत्रिका म्हणजे मजकूर, असं मी धरून चाललो होतो.

कोणाला कोणती हे न बघता, हाताला येईल ती पत्रिका मी देत गेलो. वाटायला लागल्यावर मात्र मला गंमत वाटू लागली. पत्रिका हातात आली की माणूस आधी तिच्यावरून अंगठा फिरवी. मग उलटून मागची बाजू बघे. आणि मग पत्रिका हातात धरूनच मला विचारी, "कोन्त्या तारखेचं हाय?" तारीख वाचणारा मला एकही भेटला नाही. लोक नेमकं काय बघतात, हे कोडं मला चार दिवसांनी थोडंफार सुटलं. उंद्रीहून आत्याचा फोन आला तेव्हा.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्याच लावते, दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. फोनवर ती बाबांना एवढंच म्हणाली, "तुमच्या जाड पत्रिकेच्या पाव्हन्यायकून लावून घ्या हळद. मी येत नाही."

संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "ते आली नाही तं हळद कशी लागन?"

दुसऱ्या दिवशी मी उंद्रीला गेलो. आत्या ओसरीत तूर निवडत बसली होती. पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही. मी आपणच टेकलो. आतून तीन पत्रिका आणून तिने माझ्यासमोर मांडल्या.

"हे लाल माह्या दिराची. हे सोनेरी त्या किराणावाल्याची. त्याची अन तुह्या बापाची बाजारातली वळख. अन हे माही. हात लावून पाह्य."

"आत्या, तिन्हीत एकच लिह्यलं हाय वं."

"मले काय वाचता येते? वाच. तिन्ही वाच."

मी सोनेरी पत्रिका वाचली. गणपतीपासून मांडवाच्या पत्त्यापर्यंत. मग लाल. आत्या डोळे मिटून ऐकत होती, पण निमंत्रकांची नावं आली की तिचा तुरीतला हात थांबायचा. ती कशाची वाट बघते आहे हे मला लालच्या शेवटी कळलं, आणि पातळ वाचताना माझा आवाज आपोआप खाली गेला.

"माहं नाव कोन्तीत हाय?"

"कोन्तीतच नाही."

नावं मी चुलतभावाच्या जुन्या पत्रिकेवरून उतरवली होती, वर त्याच्या दोन वर्षांच्या मुलाचं तेवढं घातलं होतं. त्या पत्रिकेत लग्न होऊन गेलेल्या मुली नव्हत्या. तशा त्या कुठेच नसतात, आणि मला ते कधी दिसलंही नव्हतं.

"तुह्या बापाले कडेवर वागवलं मी. अन नाव कोनाचं? त्या दोन वर्साच्या पोट्ट्याचं. त्याले नाक पुसता येते का बे?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली.

"सोनेरीतबी नाही म्हंजे. मले वाटलं, जाडीत असन."

मग तिने पातळ पत्रिका माझ्या मांडीवर टाकली. "पेन हाय ना? लिही."

बाबांच्या नावाखाली थोडी जागा होती. तिथे मी तिचं नाव लिहिलं, मधे तिच्या वडिलांचं, माझ्या आजोबांचं. लालही ओढून घेतली, तर तिने माझ्या हातावर चापट मारली.

"त्यायच्यात नको. माह्यातच असू दे."

"आत्या, तुले वाचता येत नाही. मंग कुठी लिह्यलं ते कसं समजन?"

"इथी," ती म्हणाली आणि तिने बरोबर त्या नावावर बोट ठेवलं. शाई अजून ओली होती. "बापाले सांगजो, दोन दिवस आधी येतो म्हना."