लिंबूवाल्या बाईंच्या वेण्या

मंडईच्या पायऱ्यांपाशी एक बाई लिंबं विकतात. नाव मी कधी विचारलं नाही. शाळेच्या आधी हमालांच्या मुली त्यांच्यापुढे येऊन बसतात, कारण त्यांच्या आया पहाटेच कामावर गेलेल्या असतात. बाई एकेकीला गुडघ्यांत धरून, तेल चोपडून दोन वेण्या घालतात. गिऱ्हाईक आलं तर मान वर न करता म्हणतात, "घ्या निवडून."

एकदा मी म्हणालो, "मुलींना दप्तरं देऊ का?"

"दप्तरं आहेत हो. केस विस्कटलेले दिसले की वर्गात हसतात, मग पोरी शाळेतच जात नाहीत. वेणी येते तुम्हाला?"

"नाही."

"मग बसा, शिका. शाळा भरायला आली."

त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला. समोरची चिमुरडी ताठ बसली. म्हणाली, "काका, दुखलं तरी चालेल, पण घट्ट घाला."