लाईन बंद असती
क्रांती चौकामागच्या आमच्या गल्लीतल्या लाईनमनचं सगळं बोलणं 'लाईन' या एका शब्दावर चालतं. तार म्हणजे लाईन, वीज म्हणजे लाईन, रेशनची रांगही लाईनच. पोराला नोकरी लागली तेव्हा म्हणाला, "लागला लाईनीला, ताई."

परवा खांबावर चढण्याआधी त्यानं डीपीतले फ्यूज काढून माझ्या हातात दिले. "म्या उतरेस्तोवर कुनालाच देऊ नगा."

तो वर तारांशी झटत असताना वीज गेल्यानं गिरणी बंद पडलेला पिठगिरणीवाला माझ्यावर खेकसला, "त्यो चढलाय ती लाईन येगळी हाय. द्या इकडं, मीच बसवतो!" मी फ्यूज पोटाशी गच्च धरले.

खाली आल्यावर त्यानं माझी पांढरी पडलेली बोटं पाहिली.

"बायकोला रोज सांगतो, लाईन बंद असती," तो म्हणाला. "तरी दार उघडती तवा तिचीबी बोटं अशीच असत्यात."