आपल्या माणसाचा खांदा

खरं तर कोणाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही. आमच्या घरात लिहिलेली म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वडिलांच्या पंक्चरच्या दुकानाची पाटी, आणि तीसुद्धा पेंटरने लिहिलेली. तेव्हा चुकलं तर आधीच माफी मागते. पण शिकायला म्हणून आयर्लंडला आल्यावर डब्लिनजवळच्या नास गावात ज्यांच्या घरात मी राहिले, त्या दादांबद्दल कोणीतरी लिहायला हवं. त्यांच्याइतका निरुपद्रवी सट्टेबाज आयर्लंडमध्येच काय, पृथ्वीवर कुठेही सापडणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

दादा मूळचे नागपूरचे, डब्लिनला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारे. वहिनी नर्स. त्यांच्या भाड्याच्या घरातली लहान खोली त्यांनी मला दिली होती. दादांना एकच नाद होता, टेनिसचा सामना चालू असताना त्यावर पैज लावायचा, आणि तोही एका कॉफीच्या किमतीपलीकडे कधीच नाही. हा नियम वहिनींनी घालून दिलेला. त्यामुळे घरात हारजीतही कॉफीतच मोजली जायची. "काल दोन कॉफ्या गेल्या," हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की नव्या माणसाला वाटावं यांचं दुकानच बुडालं. त्यांच्या मते टेनिसमध्ये दोनच गोष्टी बघायच्या. खेळाडू स्वतःच्या सर्व्हिसवर किती पॉइंट राखतो आणि समोरच्याच्या सर्व्हिसवर किती हिसकावतो. त्यातही पहिली सर्व्हिस चुकल्यावर जी जपून मारतात, त्या दुसऱ्या सर्व्हिसवर त्यांचा खास डोळा. "पहिली सगळेच मारतात गं. माणूस दुसरीत कळतो," असं ते म्हणायचे. हे तत्त्व ते स्वयंपाकालाही लावत. भाजी करपली की "पहिली नेटमध्ये गेली, थांबा, दुसरी येते" असं म्हणून अंडी फोडायला घेत. कॉलेजातलं माझं पहिलं प्रेझेंटेशन फसलं, तेव्हा त्यांनी माझी समजूत घातली ती अशी: "तुझी सर्व्हिस वाईटच आहे, पण रिटर्न चांगला आहे. लवकर आटप आणि त्यांना प्रश्न विचारू दे." पुढच्या वेळी मी तसंच केलं आणि निभावलं.

आपल्या स्क्रीनवर खेळ काही सेकंद उशिरा दिसतो आणि तेवढ्यात पैजेचे भाव बदललेले असतात, म्हणून दादा पैज लावायचे ती फक्त खेळाडू बाजू बदलताना खाली बसतात तेव्हा. त्या वेळात घरात कोणी बोलायचं नाही, मिक्सर लावायचा नाही. बाजू बदलतानाच पैज लावायचा नियम त्यांनी एकदाच मोडला. शेजारच्या आयरिश आजोबांचा टीव्ही आपल्याहून पुढे चालतो, असा शोध त्यांना लागला होता. एका रविवारी ते खिडकी उघडी टाकून, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत बसले. पलीकडून आरोळी आली. कोणीतरी समोरच्याची सर्व्हिस मोडली, म्हणजे त्याच्या सर्व्हिसचा गेम हिसकावला, असं समजून दादांनी ताबडतोब पैज लावली आणि हरले. मग कुंपणापाशी जाऊन त्यांनी आजोबांना विचारलं, तेव्हा कळलं, की आजोबा काठ्या घेऊन खेळतात तो इथला हर्लिंगचा खेळ बघत होते. "टेनिस? छे! आमचा गोल झाला, गोल!" आजोबा म्हणाले. "तुलाही आनंद झाला ना? ग्रँड!" वहिनी पुढे आठवडाभर विचारत होत्या, "अहो, आज खिडकी किती उघडू?"

एवढे आकडे बघूनही दादा हरायचे, कारण त्यांचं मन मधे यायचं. सगळे आकडे एखाद्याच्या विरुद्ध असायचे, आणि नेमकं तेव्हाच कॅमेऱ्यात त्याची आई दिसायची. "अगं, आई आलीय बघायला. कसं लावू विरुद्ध?" वहिनी म्हणायच्या, "समोरच्यालाही आई असेलच ना?" "हो, पण ती दाखवली नाही."

सगळ्यात जास्त जीव मात्र एका डावखुऱ्या खेळाडूवर. क्रमवारीत खूप खालचा, कुठल्या कुठल्या गावांतल्या छोट्या स्पर्धा खेळणारा, बघायला पाच-दहा माणसं. इथले लोक कोणाही माणसाला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणून दादांनी त्याचं नाव ठेवलं 'आपला माणूस'. सर्व्हिस बेताची, रिटर्न अप्रतिम. त्याच्या विरुद्ध दादांनी कधीच पैज लावली नव्हती.

एका शनिवारी दुपारी आपला माणूस पहिला सेट जिंकून छान खेळत होता. दादा एकदम पुढे वाकले. "बघ गं. दुसरी सर्व्हिस हळू झाली. तिच्यावरचे पॉइंट जायला लागलेत. काहीतरी बिनसलंय." मला चित्रात काहीच दिसत नव्हतं. दादांनी बाजू बदलताना पैज लावली, हा सेट समोरचा जिंकेल. तो जिंकलाच. दादांनी टाळी वाजवली, आणि पडद्यावर आपला माणूस डावा खांदा धरून जाळीपाशी आला, हात मिळवला आणि सामना अर्धवट सोडून निघून गेला.

दादांची टाळी तशीच राहिली. "त्याचा खांदा गेलाय हे मला दिसत होतं," ते म्हणाले, "आणि मी काय केलं?"

"तुम्ही काय त्याला फोन करणार होतात?" वहिनी म्हणाल्या, पण हळू आवाजात.

त्या दिवशी दादांनी पैजेचं खातं बंद केलं. उरली एकच काळजी, आपला माणूस पुन्हा खेळेल का? मोठ्या खेळाडूला शिंक आली तरी बातमी होते. याच्याबद्दल कुठे एक ओळ नाही. दर सोमवारी दादा लहानसहान स्पर्धांच्या याद्या चाळायचे. वहिनींना विचारायचे, खांद्याला किती दिवस लागतात? वहिनींनी हॉस्पिटलातल्या फिजिओथेरपिस्टला विचारलं. तिने पेशंटचं वय विचारलं, तर वहिनींना सांगता येईना की पेशंट कोण. मीही बसमध्ये याद्या बघायची. हळूहळू दादांनी टेनिस लावणंच सोडलं. घर शांत झालं, मिक्सर केव्हाही चालू लागला, आणि ते कोणालाच बरं वाटेना.

मग माझं शिक्षण संपलं, ड्रोहेडाला नोकरी लागली, मी तिकडे राहायला गेले. एक हिवाळा गेला. परवा दुपारी जेवणाच्या सुट्टीत दादांचा फोन आला.

"अगं, आपला माणूस खेळला!"

"जिंकला?"

"नाही ना. हरला. पहिल्याच फेरीत, दोन सरळ सेट. गावाचं नावही मला धड वाचता येत नाही."

मग ते आकडे वाचू लागले. त्यांचा आवाज ड्यूटीवरून आल्यावर वहिनी पेशंटबद्दल सांगतात तसा झाला होता. दुसरी सर्व्हिस अजूनही हळूच आहे. पण सामना पुढे सरकला तरी आणखी हळू झाली नाही. शेवटच्या गेमपर्यंत तशीच राहिली. मागून वहिनी ओरडल्या, "नीट सांगा ना तिला!"

दादांनी आकडे वाचणं थांबवलं. मग म्हणाले, "टिकला गं खांदा."