ती कळ कोणाची होती?

भुताखेताचं, अंगात येण्याचं मी कधीच मानलं नाही... आजही मानत नाही. आम्ही बौद्ध. घरी वंदना होते, गंडेदोरे होत नाहीत. त्यामुळे हे लिहावं की नाही, यातच बरेच महिने गेले. शेवटी वाटलं, जे घडलं ते तसंच सांगून टाकावं.

मी पांढुर्ण्याचा. सौंसरजवळ बोरगावला प्लास्टिकची पोती विणणारी एक फॅक्टरी आहे, तिथं लूमवर कामाला आहे. माझ्या शेजारच्या लूमवर गजभियेभाऊ असायचे. रामाकोन्याचे, माझ्यापेक्षा बरेच मोठे. शुगरचा जुना त्रास. गेल्या वर्षी माणसं कमी केली, मशीन मात्र तेवढ्याच राहिल्या. दोघांचं काम एकावर आलं. जेवण उभ्यानं, सुट्टी मागितली की टोमणा. मला झोप लागेना, पोटात सतत आग. भाऊंचं मात्र सगळं ठीक दिसायचं.

एकदा विचारलं, "भाऊ, तुमाले टेन्शन नाई येत काहो?"

"येत असंन बावा... मले पत्ता नाई लागत," ते हसून म्हणाले.

त्या दिवशी सकाळची शिफ्ट होती. मी तुटलेला धागा जोडत होतो आणि छातीच्या मधोमध कळ आली. कोणी आतून पिळून काढतंय अशी. मग डावा खांदा, मग जबडा. घामानं शर्ट भिजला. मी मशीनला टेकून खालीच बसलो. भाऊंनी दोन्ही लूम बंद केले.

सुपरवायझर धावत आला. "मशीन क्यों बंद किया?"

"पोरगा पडून राह्यला साहेब, मशीन काय पळून जाते?"

इतक्या चढ्या आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं, पडू नये म्हणून गळ्यातल्या दुपट्ट्यानं स्वतःच्या कमरेला बांधलं आणि सौंसरच्या एका दवाखान्यात आणलं.

ईसीजी काढला – नॉर्मल. बीपी ठीक. पुन्हा ईसीजी – नॉर्मल. मी कॉटवर तळमळत होतो आणि डॉक्टर म्हणत होते, "हार्टचं काही दिसत नाही. टेन्शन आहे. कामाचा ताण काहींच्या अंगावर असाच निघतो."

भाऊ उशाशी उभे होते. माझ्या कपाळावर त्यांचा हात. हात गार होता, ओला होता... मला वाटलं माझाच घाम.

"भाऊ, तुमी बसा ना."

"मले काय होऊन राह्यलं? तू शांत राय. पाणी आणतो तुह्यासाठी."

ते बाहेर गेले. थोड्या वेळानं माझी कळ थांबली. हळूहळू कमी झाली नाही – बटण दाबावं तशी थांबली. मी उठून बसलो. नर्सला "गेलं" म्हणालो, तेवढ्यात व्हरांड्यातून ओरडा आला.

भाऊ पाण्याच्या टाकीपाशी पडले होते. त्यांना आणून मी नुकत्याच सोडलेल्या कॉटवर ठेवलं. डॉक्टरांनी खूप वेळ छाती दाबली. मी भिंतीला टेकून बघत होतो. काही उपयोग झाला नाही.

नंतर डॉक्टर म्हणाले, अटॅक सकाळपासूनच सुरू असावा. शुगर जुनी असली की नसा बधिर होतात, काहींना कळ जाणवतच नाही. ताण सारखाच असला तरी प्रत्येकाचं शरीर वेगळं. तुमचं ओरडतं, त्यांचं गप्प राहिलं.

हे मला पटलं. हे शास्त्र आहे. पण माझ्या छातीत काहीच नव्हतं, तर मला दुखलं ते काय होतं? आणि थांबलं तेही नेमकं तेव्हाच? डॉक्टर म्हणाले, "योगायोग." पुढे नागपूरला सगळ्या टेस्ट केल्या. सगळं नॉर्मल.

मी रडलो नाही. अजूनही रडू येत नाही. कामावर जातो, येतो. सुपरवायझर ओरडला तरी आत काही हलत नाही. पोटातली आगही गेली. बायको म्हणते, "तुमी ऐकून राह्यले का नाई, तेच समजत नाई."

भाऊ गेले त्याच संध्याकाळी मी रामाकोन्याला त्यांच्या घरी गेलो होतो. घर माणसांनी भरलेलं. वहिनींनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुमी तं संगंच होते... लय दुखलं काहो त्याईले?"

"नाई वहिनी," मी म्हणालो. "त्याईले काहीच नाई दुखलं."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग मोकळ्यानं रडल्या. मी तिथंच उभा होतो. किती दुखलं, ते मला माहीत होतं. का माहीत होतं, ते आजही सांगता येत नाही.