पाईपाची लेन्स

"हा संडासचा पाईप मांडवात कोनं आनला?"

नवरीच्या काकानं विचारलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं. स्टँडवर माझा कॅमेरा होता. त्याच्या पुढं पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेला. कॅमेरा उलटा बांधलेला. काकानं पाईपवर बोटानं टकटक केली. वऱ्हाडातले दोघंतिघं जवळ आले.

"लेन्स हाये, काका," मी म्हटलं.

"कोन्त्या गावची व तू?"

"केनवडची."

"केनवडात कोनीकडची?"

हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. नुसत्या गावावर विचारणाऱ्याचं भागत नाही.

"विहाराकडची."

त्यानं खिशातून रुमाल काढला. बोट पुसलं. सावकाश. "हां. मंग बरोबर हाये. असा पाईप तुमच्याच हाती शोभते."

हसले सगळे. रिसोडचा स्टुडिओवाला, ज्याच्याकडं मी कामाला होते, तोही हसला. मीही हसले. का, माहीत नाही. तोंड आपोआप तसं झालं. आत काही हललं नाही.

स्टुडिओवाल्याकडं दोन मोठे कॅमेरे. त्यांना माझा हात लागायचा नाही. हळदीला, बायकांच्या खोलीत बाईमाणूस लागतं म्हणून मला ठेवलेली, आणि माझ्या हातात जुना हँडीकॅम. हँडीकॅमात सगळं सारखंच स्पष्ट. नवरी, तिच्यामागची खुर्ची, त्यामागचा कूलर. मोठ्या कॅमेऱ्यात माणूस तेवढा ठळक, मागचं विरघळलेलं. मला तसं पाहिजे होतं.

मोबाईलवर पाहिलं, हे घरीही जमतं. जुन्या रिळाच्या कॅमेऱ्याची लेन्स भंगारात सापडली. ट्रॅक्टरच्या गॅरेजातून व्हॉल्व घासायची पेस्ट आणली आणि काचेवर काच घासत बसले, दुधासारखी पांढरट होईस्तोवर. फुटली. दुसरी घेतली. पुढं लेन्स, मधे घासलेली काच, मग भिंग, मग हँडीकॅम. लेन्स काचेवर चित्र पाडते, हँडीकॅम ते चित्र टिपतो. चित्र उलटं पडतं, म्हणून कॅमेरा उलटा. हे सगळं एका रेषेत धरून ठेवायला पाईप. दुकानातला, नवा कोरा. हे मी काकाला सांगू शकले असते. सांगितलं नाही.

पहिल्यांदा अंगणातल्या कोंबडीवर लावून पाहिलं. कोंबडीचं पीस न् पीस ठळक, मागची भिंत गायब. मी ओरडलेच. माय बाहेर आली. "काहून व, कोंबडी कधी पाह्यली नाही काय?"

त्या लग्नात माय पण होती. केटररकडं भांडी घासायला. सकाळी आम्ही एकाच जीपनं आलो. उतरायच्या आधी तीच हळू बोलली, "तिथं मले माय म्हनू नको. तुह्या कामावर गदा येईल."

मी मान हलवली. ती आधी उतरली. मी थोडं थांबून.

अक्षता पडल्या. नवरानवरी सोफ्यावर बसले. वारा यावा म्हणून मागची कनात वर बांधली होती, आणि तिच्या पलीकडंच भांड्यांचा ढीग. स्टुडिओवाल्याचे मोठे कॅमेरे पाहुण्यांचे फोटो काढण्यात अडकले. पंगतीसमोरच्या मोठ्या पडद्याची केबल त्यानं माझ्या हँडीकॅमला जोडली. ऊन कडक होतं. माझ्या लेन्सला उजेड लागतोच. पडद्यावर नवरानवरी आले. नथीतला मोती दिसत होता. मागचं सगळं धुरासारखं.

लोक जेवता जेवता थांबून पाहू लागले. काकाही आला. स्टुडिओवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाईप असो का काई असो, मांगची घान दिसून नाही राह्यली. हे बेस हाये."

मागं माय होती. धुरात एक हिरवा ठिपका खालीवर होत होता. ते तिचं लुगडं.

मी राग आला म्हणून केलं असं लोक म्हणतात. राग नव्हता. काहीच नव्हतं. बोटं लेन्सच्या कड्यावर होतीच. मी कडं फिरवलं.

नवरानवरी विरघळले. पडद्यावर माय आली. पंगतीएवढी मोठी. कोपरापर्यंत राख, पातेल्यात वाकलेली, कपाळावरचा घाम मनगटानं पुसताना.



"ए पोरी, काय करून राह्यली? मानसं दाखव!" काका ओरडला.

"मानूसच दाखवून राह्यली."

"काय म्हनलं?"

"थे माही माय हाये."

माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. मायनं वर पाहिलं. पडद्यावरच्या मायनंही पाहिलं. स्टुडिओवाल्यानं धावत येऊन केबल उपटली. पडदा काळा. काकानं स्टँडला लाथ घातली. पाईप फरशीवर आपटला आणि आतली काच फुटल्याचा बारीक आवाज झाला. वाढपी जिलेबी घेऊन फिरू लागले.

केटररनं मायला तिथंच हात धुवायला लावले आणि घरी जायला सांगितलं. आम्ही दोघी उन्हात फाट्यावर उभ्या राहिलो. जीपमध्ये बसल्यावर ती बोलली.

"काहून केलं तू असं? मले इचारलं होतं काय?"

तिचं बरोबर होतं. तिला विचारलं नव्हतं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आजही त्या दिवसाचा विषय निघाला की उठून आत जाते.

पुढच्या आठवड्यात स्टुडिओवाला वस्तीत आला. मोटारसायकलवरून उतरला नाही. "एकडाव काकाच्या पाया पडून घे. मिटलं मंग. हळदीचा सीजन हाये, मले बाई लागते."

"नाही पडत."

"मंग या भागात कोनी उभं नाही करनार तुले."

"नको करू."

तो गेला. मला भीती वाटली नाही, बरंही वाटलं नाही. मी काच शोधायला लागले.

नवी काच घासली आहे. मी शूटिंग सोडणार नाही. कोणाच्या पाया पडून करणार नाही, कोण आहे ते लपवून करणार नाही. माय आता दुसऱ्या केटररकडं जाते. कधीतरी पुन्हा एकाच मांडवात आमची गाठ पडेल. तेव्हा मी तिच्याबरोबरच जीपमधून उतरेन आणि भर मांडवात तिला माय म्हणून हाक मारेन. ती रागावली तरी.