आधी पुढं, मग वर

आम्ही जुने फवारणीवाले दोघं-तिघं भेटलो की चहा निवून जातो, पण कॅप्टन देवलांचे किस्से संपत नाहीत. मी त्यांच्या हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास राहात्याच्या उसावर आम्ही औषध फवारायचो.

*

पहिल्याच दिवशी कॅप्टननी बागायतदार सोपानरावांकडं रानाचा एक लांब पट्टा मोकळा मागितला. सोपानराव म्हणाले, "सायेब, तुमचं इमान तर सरळ वर जातंय म्हनत्यात. मग माजं रान कशाला अडवताय?"

कॅप्टन म्हणाले, "वर जाताना इंजिन बंद पडलं तर धाडकन खाली येईन. आधी जमिनीलगत वेग घेतला, तर समोर अलगद उतरता येतं. म्हणून आधी पुढं, मग वर."

सोपानरावांनी पट्टा सोडला, पण त्यांना ते काही पटलं नाही.

*

उड्डाण बघायला अख्खा गाव लोटला. हेलिकॉप्टर जमिनीलगतच पळायला लागलं, तसा एक म्हातारा हळहळला, "लई जड झालंय बिचारं, उठंना." पुढं कुणाची म्हैस बसून राहिली की गावात म्हणायचे, तिचं हेलिकॉप्टर झालं!

*

कॅप्टन अधूनमधून उतरताना मुद्दाम इंजिनचा जोर काढून घ्यायचे आणि नुसत्या फिरत्या पंख्यावर मशीन टेकवायचे. सराव! एकदा आवाज पडल्याबरोबर सोपानराव पाण्याच्या पंपाचा डिझेलचा डबा घेऊन धावत आले. कॅप्टननी त्यांना मिठीच मारली. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. जमली नसती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

*

फवारणी संपली. निरोपाच्या सकाळी बघतो तर सोपानरावांनी पट्ट्याच्या तोंडाशीच केळीचे खुंट रोवून कमान उभारलेली. खाली वाजंत्री, आरत्या घेतलेल्या बायका, निम्मा गाव; मशीनला पुढं पळायला वाटच नाही. मी म्हटलं, कमान काढायला सांगू या. सोपानरावांचा चेहराच पडला.

"सायेब, आज तरी मानानं सरळ वर जा."

एरवी कुणाचं न ऐकणारे कॅप्टन हसले आणि सरळ वर गेले.

कडुलिंबाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर इंजिन बंद पडलं.

खालची माणसं वाचली. कॅप्टनही वाचले, पण पाठ कायमची गेली. पुन्हा उडणं नाही. एवढा सावध माणूस केळीच्या कमानीपायी घरी बसला, याची हळहळ काही जात नाही.

*

बऱ्याच वर्षांनी राहात्याला गेलो. चहूकडं ऊस उभा, मधे तो पट्टा तसाच मोकळा. सोपानराव थकले होते. इथं ऊस का लावला नाही, म्हणून विचारलं.

"आन् सायेब आलं तर? त्यांला आधी पुढं जावं लागतं."